थेंब बाटलीतून किती गेले, डोळ्यात किती पडले?

मागच्या अंकात काचबिंदूबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रेशरनं मागची नस खराब होते त्या आजाराबद्दल, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. गंमत म्हणजे ऑपरेशनबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांचं अडलंय ते थेंबांपाशी. म्हणून हा अंक थेंबांचा.

उत्तर देणारी कोण, तेही सांगून टाकते. फलटणला माझा डोळ्यांचा दवाखाना आहे, तीस वर्षं होत आली. आणि गेली नऊ वर्षं मी स्वतःच काचबिंदूची पेशंट आहे. रोज रात्री दोन थेंब घालते. त्यामुळं काही उत्तरं डॉक्टरची आहेत आणि काही पेशंटची. दोन्हीत फरक दिसला तर पेशंटचं खरं धरा. फक्त एक करा, इथं औषधाचं नाव वाचून आपली बाटली आपणच बदलू नका.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. रात्री एकेक थेंब घालायला सांगितलाय. महिन्याची म्हणून दिलेली बाटली बारा दिवसांत संपते. मामा म्हणतात, कंपनीच कमी भरते. नवरा म्हणतो, तू लक्ष देत नाहीस. पण मामा मला बाटलीला हातही लावू देत नाहीत, स्वतःच घालतात. गेल्या खेपेला डोळ्यातलं प्रेशर उतरलं नाही म्हणून डॉक्टरांनी आणखी एक बाटली वाढवली. आता दोन्ही लवकर संपतात. — एक सूनबाई, कोरेगाव

ताई, कंपनी कमी भरत नाही आणि चूक तुमचीही नाही. हिशेब करून बघा. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात. दोन डोळ्यांचे रोज दोन धरले तर महिन्याला ६०. वरचे वीस चुकायला दिलेत असं समजा. मामांची बाटली बारा दिवसांत रिकामी होते, म्हणजे ते एका रात्रीत सहा-सात थेंब काढतात. आता त्यातले डोळ्यात किती पडतात, हे बघायला हवं.

काही वर्षांपूर्वी मी एक नियम केला. प्रेशर उतरत नसेल तर नवीन औषध लिहायच्या आधी पेशंटच्या हातात बाटली द्यायची आणि म्हणायचं, 'घालून दाखवा.' डोळे कोरडे पडतात त्यांना देतो ती साधी अश्रूंची बाटली टेबलावर ठेवलेलीच असते. नियमाचे पहिले मानकरी होते एस.टी.तून रिटायर झालेले एक कंडक्टर. त्यांनी मान मागं टाकली, तोंड उघडलं (तोंड सगळेच उघडतात, का ते मला अजून कळलेलं नाही), बाटली वीतभर उंच धरली, डोळा गच्च मिटला आणि दाबली. पहिला थेंब भुवईवर, दुसरा गालावर, तिसरा मिशीत. मग बाहीनं गाल पुसत म्हणाले, 'झालं. गार वाटलं बघा.'

मी त्यांची फाइल उघडली. चार वर्षांत एकाच्या तीन बाटल्या झालेल्या, प्रेशर २४. चार वर्षं ते मिशीला औषध घालत होते आणि दर भेटीला मी त्यांना मिशीसाठी आणखी एक लिहून देत होते. एकदाही मी त्यांच्या हाताकडं बघितलं नव्हतं. त्या दिवशी औषध काहीच बदललं नाही, नुसता हात बसवून दिला. महिन्यानं प्रेशर १७. पुढं एक बाटली कमीही झाली.

खालच्या पापणीच्या आत जी खोबण असते तिच्यात एक थेंबसुद्धा जेमतेम मावतो. दुसरा टाकला तर तो वाहूनच जातो, जाताना पहिल्यालाही थोडं घेऊन जातो. रात्रीच्या एका थेंबाची जी औषधं आहेत, लॅटानोप्रोस्टसारखी, ती दिवसातून जास्त वेळा घातली तर प्रेशर जास्त उतरत नाही, उलट परिणाम कमी होऊ शकतो. तेव्हा 'एक चुकला वाटतं, असू द्या दोन' ही सवय सोडायची. डोळ्यात पडलाच नाही अशी खात्री असेल तरच दुसरा.

मामांना आता असं करायला सांगा. बसून जमत नसेल तर उशी काढून पलंगावर उताणं व्हायचं. हात धुतलेले हवेत. एका हाताच्या बोटानं खालची पापणी खाली ओढायची, शर्टाच्या खिशाचं तोंड उघडतो तशी. नजर वर आढ्याकडं. बाटलीचा हात कपाळावर टेकवायचा. हे टेकवणं फार महत्त्वाचं, कारण हात थरथरत असला तरी कपाळाचा आधार मिळाला की बाटली डोळ्यावरून हलत नाही. नोजल पापणीला किंवा केसांना लावायचं नाही. एक थेंब पडला की डोळा अलगद मिटायचा. गच्च आवळायचा नाही, उघडझाप करायची नाही. मग नाकाच्या मुळाशी, चष्म्याची टेकणी बसते त्याच्या जरा आत, डोळ्याच्या कोपऱ्यात बोट दाबून दोन-तीन मिनिटं पडून राहायचं. तेवढ्या वेळात मी उद्याच्या भाजीचं ठरवते.

थेंब वरून येताना बघवत नाही, डोळा आपोआप मिटतो, अशी तक्रार निम्मे लोक करतात. त्यांनी मिटूनच घालावा. उताणं पडून, डोळा मिटून, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग डोळा उघडायचा. तो आपसूक आत सरकतो. लहान मुलांनाही आम्ही असाच घालतो. आणखी एक युक्ती, बाटली आधी थोडी गार केलेली असली की थेंब आत पडला की गालावर, हे बरोबर कळतं.

दोन वेगवेगळ्या बाटल्या असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या. आमच्याकडचे बरेच पेशंट दोन्ही बाटल्या दोन हातांत धरून एका दमात उरकतात आणि दुसरं औषध पहिल्याला धुऊन काढतं. 'हलवून वापरा' असं लिहिलेल्या बाटलीचा तळ पांढुरका असतो, ती न हलवता घातली तर नुसतंच पाणी पडतं.

राहिला मामांचा मान. पुढच्या भेटीला दोन्ही बाटल्या सोबत न्या आणि डॉक्टरांना सरळ सांगा की महिन्याची बाटली बारा दिवसांत संपते. तिसरी बाटली लिहिण्याआधी हे त्यांना कळायलाच हवं. मामा डॉक्टरांसमोर घालून दाखवतील, सुनेसमोर नाही दाखवणार. ते तसंच असतं.

प्रश्न : थेंब घातला की घशात कडू लागतं. संकष्टीला आणि एकादशीला चालतो का? — एक आजी, मिरज

आजी, उपवास मोडतो का ते गुरुजींना विचारा, माझा अधिकार भगरीपर्यंतच. कडू का लागतं तेवढं सांगते. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात एक बारीक नळी उतरते. रडताना नाक वाहतं ते तिच्यामुळंच. त्याच वाटेनं थेंब घशात उतरतो. डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड या औषधांनी तोंड जरा जास्तच कडू होतं. वर सांगितलं तसं कोपऱ्यात बोट दाबलंत तर ती वाट बंद होते, औषध डोळ्यातच राहतं आणि तोंडही वाचतं. एकादशीला बीपीची गोळी घेता ना? मग थेंबानंच काय घोडं मारलंय.

प्रश्न : आईचं वय ६६. काचबिंदूसाठी सकाळ-संध्याकाळ थेंब सुरू केल्यापासून तिला जिना चढताना धाप लागते, रात्री खोकला येतो. फॅमिली डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, ईसीजी काढला. ठोके मिनिटाला ४८. लहानपणी तिला दमा होता. डोळ्यातल्या थेंबानं असं होऊ शकतं का? — बार्शी

होऊ शकतं. हे पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, अंक निघायची वाट बघितली नाही. इथं छापतेय ते बाकीच्यांसाठी.

बाटलीवरचं नाव वाचा. टिमोलॉल असेल, किंवा दोन औषधं एकत्र असलेल्या बाटलीत एक टिमोलॉल असेल, तर ते बीटा ब्लॉकर जातीचं औषध आहे. ठोके कमी करायला हृदयाच्या पेशंटना ज्या जातीच्या गोळ्या देतात, त्यातलंच. १९७८ पासून काचबिंदूला वापरतात, स्वस्त आहे, चांगलं काम करतं, आणि म्हणूनच खेड्यापाड्यांत सगळ्यात जास्त लिहिलं जातं. पण मिरजेच्या आजींना सांगितली ना, ती नळी आठवा. नाकाच्या आतल्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात जातं. पोटातून घेतलेल्या गोळीचा बराचसा भाग यकृतातच निकामी होतो, थेंबाला ते यकृत वाटेत लागतच नाही. दमा असलेल्याची श्वासनळी त्यानं आवळू शकते, ठोके आधीच मंद असतील तर आणखी मंदावतात. अशा माणसाला हे औषध द्यायचं नसतं. दुसरी औषधं आहेत.

हे मला पुस्तकात माहीत होतं. तरी माझ्या हातून झालं. दवाखाना काढून दोन-तीन वर्षं झाली असतील. गिरवीकडचे एक शेतकरी, पन्नाशी उलटलेले. प्रेशर जास्त होतं, मी टिमोलॉल लिहिलं. विचारलं काय, तर 'डोळ्याला कधी मार लागला होता का?', 'घरात कुणाला काचबिंदू आहे का?' दम्याचं विचारलंच नाही. आणि त्यांनी सांगितलं नाही, कारण डोळ्याच्या डॉक्टरला छातीचं कशाला सांगायचं? तिसऱ्या रात्री त्यांना श्वास घेता येईना. बायकोनं बैलगाडीतून गावातल्या डॉक्टरकडं नेलं. त्या डॉक्टरांनी पिशवीतली बाटली बघितली, इंजेक्शन देऊन माणूस वाचवला आणि पहाटे मला फोन केला, 'बाई, काय दिलंत हे?' त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर नावाच्याही वर लाल शाईत दोन शब्द छापलेले असतात : दमा, ठोके.

तर आईच्या बाबतीत पुढचा थेंब घालण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांशी बोला, दुसरं औषध मागा. नुसतं बंद करून घरी बसू नका, काचबिंदू तिथंच आहे. आणि यापुढं कुठल्याही डॉक्टरनं 'काय काय औषधं चालू आहेत?' विचारलं की गोळ्यांच्या पाकिटांबरोबर डोळ्याची बाटलीही टेबलावर ठेवा.

प्रश्न : माझं वय ४८. दोन वर्षं नेमानं थेंब घातले. डोळा दुखत नाही, लाल नाही, खालची ओळसुद्धा वाचतो. थेंबांनी काडीचा फरक पडला नाही, म्हणून दिवाळीपासून बंद केले. तरी नजर तश्शीच आहे. डॉक्टर म्हणतात जन्मभर घाला. स्पष्ट विचारतो, हा धंदा तर नाही ना? — एक यंत्रमागवाले, इचलकरंजी

स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत. फरक पडू नये म्हणूनच ते थेंब होते, दादा.

डोळ्याच्या आत एक नळ आणि एक मोरी आहे. नळातून पाण्यासारखा द्रव सतत झिरपतो, मोरीतून सतत निघून जातो. मोरी तुंबली की आत प्रेशर वाढतं आणि ते मागच्या नसेवर पडतं. काही थेंब नळ बारीक करतात, काही द्रव निघून जायची दुसरी वाट उघडतात. नस मात्र कुणीच दुरुस्त करत नाही. गेलेली नजर थेंबानं येत नाही, ऑपरेशननंही येत नाही. म्हणून थेंब घालून 'छान दिसायला लागलं' असं कधीच होणार नाही. उलट थोडं चुरचुरेल. या औषधाचं दुर्दैवच असं की ते बरोबर काम करतं तेव्हा काहीच घडत नाही.

मग कामाचं आहे हे कशावरून? इंग्लंडमध्ये ५१६ पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ साली छापून आली. निम्म्यांना रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा थेंब, निम्म्यांना तसल्याच बाटलीतून औषध नसलेला थेंब. कुणाला काय मिळतंय हे पेशंटलाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. दोन वर्षांत औषध नसलेल्यांपैकी २५.६ टक्के लोकांची नजरेची कक्षा आणखी आकसली, औषधवाल्यांपैकी १५.२ टक्के. म्हणजे थेंब घालूनही काहींचं बिघडतं, हे मी लपवत नाही. पण शंभरामागं बिघडणाऱ्यांतले दहा वाचले, आणि तेही फक्त दोन वर्षांत. तुमच्यापुढं अजून तीस वर्षं आहेत.

खालची ओळ वाचता येते म्हणालात. मलाही येत होती. ४९ व्या वर्षी दवाखान्यात फील्ड, म्हणजे नजरेची कक्षा, तपासायचं नवं मशीन आलं. कंपनीचा माणूस म्हणाला, 'मॅडम, तुम्हीच बसा, दाखवतो.' एक डोळा झाकून हनुवटी टेकवली. आत पांढऱ्या वाटीत बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मी आपली पटापट दाबत होते, चांगले मार्क पडतील म्हणून. छापून आलेल्या कागदावर डाव्या डोळ्याच्या वरच्या भागात नाकाकडं एक काळी कमान. असला कागद मी रोज दहा बघायची, म्हणून आधी वाटलं हा सकाळच्या कुणाचातरी राहिलाय. मग वर वय वाचलं. माझ्या वडिलांना काचबिंदू होता. घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्या असं मी प्रत्येक पेशंटला सांगत आले होते, फक्त मुलीला सांगायची राहून गेले होते, आणि ती मुलगी मीच.

सांगायचं काय, ती काळी जागा मला काळी दिसतच नव्हती. दोन डोळे एकमेकांचं झाकतात, आणि जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूच्या रंगानं भरून काढतो. बाजूनं येणारी मोटारसायकल एकदम समोर उगवते, जिन्याची शेवटची पायरी चुकते, आणि आपण म्हणतो लक्ष नव्हतं. तुमच्या कारखान्यात तर डोक्याच्या बाजूनं धोटे पळतात.

तर या आठवड्यात प्रेशर आणि फील्ड तपासून या, आणि दिवाळीपासून बंद आहेत हे सांगा. भेटीच्या आदल्या दोन रात्री थेंब घालून शहाण्यासारखं जाऊन बसू नका. असं करणारे इतके आहेत की आम्हाला चेहऱ्यावरून कळतं. त्या दिवशी प्रेशर चांगलं येतं, नस मात्र खराब होत चाललेली असते, आणि डॉक्टर भलतीकडंच कारण शोधत बसतो.

धंद्याचं म्हणाल तर, 'मला रोजचे थेंब जमत नाहीत' असं डॉक्टरांना उघड सांगा. मोरीचं तोंड उघडं असलेल्या प्रकारच्या काचबिंदूत आधी लेझर करता येतं. २०१९ साली छापलेल्या एका इंग्लिश चाचणीत लेझर केलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षं थेंबांची गरज पडली नाही. तुमचा प्रकार कोणता ते डोळ्याचा कोन, म्हणजे मोरीचं तोंड असतं ती जागा, बघून ठरेल. आणि नेमाचं म्हणाल तर, मीही चुकते. पुतणीच्या लग्नात चार रात्री बाटली फलटणलाच राहिली होती. तेव्हापासून ती चष्म्याच्या डबीत असते. रात्री चष्मा काढून ठेवायला डबी उघडली की बाटली समोर. एखादी रात्र चुकलीच तर दुसऱ्या रात्री नेहमीचा एकच.

प्रश्न : माझ्या उजव्या डोळ्यातच थेंब चालू आहेत. त्या डोळ्याच्या पापणीचे केस लांब आणि दाट झालेत, खालची त्वचा काळवंडली. ऑफिसात मैत्रिणी विचारतात काय लावतेस. काही वाईट तर नाही ना? — ठाणे

रात्रीच्या थेंबांचा हा ठरलेला परिणाम आहे. लॅटानोप्रोस्ट आणि बिमॅटोप्रोस्ट दोन्हींचा. बिमॅटोप्रोस्ट तर पापण्या वाढवण्यासाठी म्हणून वेगळं विकतात. दोन्ही डोळ्यांत घालणाऱ्यांचं कुणाच्या लक्षात येत नाही, तुमचं एकाच बाजूला आहे म्हणून उठून दिसतं. डावीकडं जोडी जमवायला तिथंही थेंब घालू नका! थेंब घातल्यावर पापणीवर सांडलेलं टिपकागदानं लगेच टिपत जा, काळेपणा कमी राहील. औषध बंद केलं तर त्वचा हळूहळू पूर्वीसारखी होते. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो मात्र तसाच राहतो, पण आपल्या काळ्या-तपकिरी डोळ्यांत ते सहसा कळत नाही.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळे खाजून लाल होतात. दोन वर्षांपूर्वी एकदा डॉक्टरांनी दिलेली बाटली आम्ही मेडिकलमधून आणतो, दोन दिवसांत आराम पडतो. आता फळ्यावरचं दिसत नाही म्हणतो. — नांदेड

बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्ल्युरोमेथोलोन, यातलं काही आहे? मग ते स्टेरॉइड आहे. खाज जादूसारखी थांबवतं. आणि काही मुलांत डोळ्याचं प्रेशर गुपचूप चढवतं. दुखत नाही, लाल होत नाही, उलट डोळा पांढराशुभ्र दिसतो, म्हणून आई-बाप निर्धास्त. याच औषधानं लहानपणी मोतीबिंदूही होऊ शकतो. फळा न दिसणं हा साधा चष्म्याचा नंबर असेल तर फारच उत्तम, पण ते घरी बसून ठरवायचं नाही.

परवा-तेरवा नाही, उद्या दाखवा. बाटली सोबत न्या, दोन वर्षं वापरली हे सांगा. स्टेरॉइड थांबवल्यावर बऱ्याच मुलांचं प्रेशर खाली येतं, तोवर नसेचं जे गेलं ते मात्र गेलं. ॲलर्जीच्या खाजेला स्टेरॉइड नसलेले थेंब आहेत, गार पाण्याच्या घड्या आहेत. चिठ्ठीशिवाय ही बाटली विकायला कायद्यानं बंदी आहे. मेडिकलवाल्याला मी काय म्हणणार, गिऱ्हाईक मागतं, तो देतो. तुम्ही मागू नका.

प्रश्न : वय ६८. चौदा वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालतो. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत रात्री थेंब. बाटली फ्रीजमध्ये ठेवा म्हणतात. दिंडीत फ्रीज कुठला? गेल्या वर्षी बाटली घरीच ठेवली, वारीहून आल्यावर परत चालू केली. — एक वारकरी, नेवासे

माऊली, तीन आठवडे डोळा उपाशी ठेवलात की! असं करू नका. फ्रीजची अट बहुतेक सील न फोडलेल्या बाटलीची असते. लॅटानोप्रोस्टची उघडलेली बाटली बाहेर चालते, फक्त २५ अंशांच्या फार वर तापू द्यायची नाही. काही औषधांना, आणि काही कंपन्यांच्या लॅटानोप्रोस्टलासुद्धा, फ्रीज लागतच नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून तसली मागून घ्या, सगळ्यात सोपं. नाहीतर ट्रकमध्ये सामानाच्या वर ठेवू नका, पत्र्याखाली भट्टी होते. पाण्याच्या पिंपाच्या सावलीला, ओल्या फडक्यात, वरून प्लॅस्टिकची पिशवी.

पालखी फलटणला विमानतळावर मुक्कामाला येते तेव्हा मी दरवर्षी तळावर टेबल टाकून बसते. एका माऊलींनी पडशीतून बाटली काढली तर टोपण हरवलेलं, नोजलला बुक्का आणि अष्टगंध. ते तसेच घालत होते. तेव्हा बाटलीला वेगळी डबी करा, टोपणाला दोरा बांधा, आणि एक सीलबंद बाटली दिंडीतल्या दुसऱ्या कुणाच्या सामानात ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहा, महिना झाला की उरलेली टाकायची. वेळ ठरवायची तर समाजआरती झाल्यावरची ठरवा, ती कुठल्याही मुक्कामाला चुकत नाही. राहुटीत उताणं पडलातच आहात, तिथंच एकेक थेंब आणि कोपऱ्यात बोट.

आळंदीला नवी बाटली उघडून निघालात तर फलटणला पोचेपर्यंत वीस-एक थेंब गेलेले असतील. टेबलाशी येऊन बाटली दाखवा. निम्म्यावर आलेली असली तर स्टूल ठेवलेलंच असतं, बसा आणि घालून दाखवा.